मनगटावरचा गजरा

मुलुंड पूर्व
मंगळवार, २० जानेवारी २०२६

प्रिय स्वरदा,

अनेक आशीर्वाद. आम्ही इकडे सगळे ठीक आहोत. तुम्हीही बोरिवलीला ठीक असाल. निहारभाऊजींच्या गुडघ्याचं काय झालं? व्यायाम करतात की नुसतं मलम चोळून टीव्ही बघतात?

पत्र बघून चकित झाली असशील. फोन करायला मला काही धाड भरली नव्हती, पण मी फोनवर बोलायला लागले की दोन वाक्यांत भांडणाचा सूर लागतो, असं तुझ्या मोठ्या भाऊजींचं म्हणणं. शिवाय सख्ख्या जावेशी दोन वर्षं बोलले नाही, तर आता पहिलं वाक्य काय बोलायचं हेच सुचेना. कागदावर निदान खोडता येतं. हा तिसरा कागद आहे, आधीचे दोन फाडले.

आमच्या सोसायटीत पुनर्विकासाच्या मीटिंगा चालू आहेत. दर रविवारी तेच बारा जण येतात आणि तेच भांडण करतात. तुझे मोठे भाऊजी पार्किंगच्या मुद्द्यावर उभे राहतात आणि पाणी प्यायला म्हणून घरी येतात ते परत जातच नाहीत. गंधालीला ऐरोलीत नवी नोकरी लागली. पूल ओलांडला की ऑफिस, त्यामुळे सकाळी मजेत नऊपर्यंत लोळते. माझी निवृत्ती झकास चालली आहे. विमा कंपनीत तीस वर्षं लोकांचे दावे तपासले, आता भाजीवाल्याचे तपासते.

परवा घाटकोपरला काकूंच्या हळदीकुंकवाला आपली गाठ पडली, बरं वाटलं. ऐंशी उलटल्या तरी आपल्या या चुलतसासूबाई अजून पन्नास बायकांना बोलावतात, कमाल आहे. यंदाचं वाण म्हणजे चहाची गाळणी. मला एक मिळाली आणि काकूंनी जाताना हळूच दुसरी पिशवीत सरकवली. तुझी साडी छान होती. नारिंगी रंग तुला नेहमीच शोभतो.

हो, आणि एक सांगायचं होतं. काकूंची नात गजऱ्यांची परात आणि पिनांची डबी घेऊन एकेकीच्या मागे जाऊन गजरा माळत होती, तेव्हा तू मध्ये आलीस. "अगं, जयंतीकाकूंच्या केसांत नको माळूस. वासानं त्यांची अर्धशिशी उठते," म्हणालीस, आणि तिच्या हातातला गजरा घेऊन माझ्या मनगटाला दोन वेढे देऊन बांधलास. मग स्वतःचाही हातालाच बांधून घेतलास. हल्ली होते मला अर्धशिशी कधीकधी, त्या दिवशीही डोकं जरा जड होतंच. तुझ्या लक्षात आलं. त्याबद्दल आभार मानायचे राहून गेले, ते या पत्रात मानते.

मागचं सगळं आता विसरून जाऊ या. दोन्हीकडून थोडंफार चुकलंच असेल. घरातल्या घरात किती दिवस धरून बसायचं?

निहारभाऊजींना नमस्कार सांग. तब्येतीला जप.

तुझी
जयंतीवहिनी


मुलुंड पूर्व
रविवार, ८ फेब्रुवारी २०२६

प्रिय स्वरदा,

तुझा मेसेज चौथ्या दिवशीच आला होता. "पत्र मिळालं वहिनी. खूप बरं वाटलं. अर्धशिशी कशी आहे?"

मी दोन आठवडे त्याला उत्तर दिलं नाही. काय देणार? मला अर्धशिशी नाही. जन्मात कधी झालेली नाही. माझं डोकं दुखत नाही गं, मी दुसऱ्यांचं दुखवते. हे तुला ठाऊक आहे, कारण अर्धशिशी तूच तिथल्या तिथे माझ्यासाठी शोधून काढलीस. आणि मी इतकी निलाजरी, की तुझं खोटं तुलाच पत्रातून खरं म्हणून परत पाठवलं. तरी तू तब्येत विचारलीस. त्या चार शब्दांनी मला जे वाटलं, ते तू चार शिव्या दिल्या असत्यास तरी वाटलं नसतं.

तेव्हा आता नीट लिहिते. मध्ये उठले तर पुन्हा बसणार नाही, म्हणून गंधालीला सांगून ठेवलंय की आज चहा तू कर.

माझ्या डोक्यावर पुढे जे केस दिसतात ते माझे नाहीत. टाळूवर क्लिपांनी बसवायचा केसांचा तुकडा मिळतो, दुकानदार त्याला टॉपर म्हणतो. दीड वर्ष मी तो लावते. मागचे आणि बाजूचे माझे आहेत, तेही कसेबसे अंबाड्यापुरते. टॉपर चार बारीक क्लिपांवर उभा असतो. काकूंची नात मोठी चटपटीत, पिन अशी खुपसायची की गजरा दोन दिवस हलू नये. तिनं माझी मान खाली करून पिन खेचली असती, तर पन्नास बायकांसमोर तो तुकडा तिच्या हातात आला असता. मी जागा बदलली, पाणी प्यायला आत गेले, बाहेर आले तर ती परात घेऊन माझ्याच मागे उभी. तू त्या खोलीच्या दुसऱ्या टोकाला होतीस आणि आपण नमस्कारसुद्धा केला नव्हता. तिथून तू उठून आलीस.

तुला कसं कळलं, हे मी विचारणार नाही. ज्या बाईनं माझे केस हातात घेतले आहेत तिला कळणारच.

आता ते हातात घेण्याबद्दल. हे मी दोन वर्षांत कुणाशी बोलले नाही. आठवायचंसुद्धा टाळलं.

२०२३ च्या ऑगस्टमध्ये मला डेंग्यू झाला, तेव्हा नऊ दिवस नर्सिंग होममध्ये होते. तू रोज बोरिवलीहून दोन बस बदलून मुलुंडला यायचीस, पेजेचा थर्मास घेऊन. गंधालीची परीक्षा होती आणि तुझे मोठे भाऊजी हॉस्पिटलात शिरले की त्यांनाच चक्कर येते. सातव्या दिवशी माझ्या केसांच्या जटा झाल्या होत्या. मांडीपर्यंतचे केस, ताप, घाम आणि उशी. नर्स म्हणाली, कापून टाका, सुटसुटीत होईल. मी रडायला लागले. तू म्हणालीस, "कापायचे नाहीत. मला दोन दुपारी द्या." आणि खरंच दोन दुपारी स्टुलावर बसून, तुझ्या त्या लाकडी फणीनं, टोकाकडून सुरुवात करून एकेक गुंता सोडवलास. बोटांना तेल लावत होतीस. तुझंच तेल. माका, जास्वंद, कढीपत्ता घालून खोबरेल तेलात तू कढवायचीस ते. मला झोप लागली होती आणि जाग आली तेव्हा वेणी घातलेली होती.

म्हणजे बघ, तुझं तेल ऑगस्टमध्येच माझ्या डोक्याला लागलं होतं, आणि केस चांगले राहिले होते. पण ही आठवण मला डिसेंबरात सोयीची नव्हती.

नोव्हेंबरात गळायला लागले. आधी फणीत, मग उशीवर, मग न्हाणीघराच्या जाळीत एवढाले पुंजके. सुरुवातीला मी टँकरच्या पाण्याला दोष दिला. सेक्रेटरीला दोन पानी अर्ज लिहिला, पाणी तपासायला लावलं, ते चांगलं निघालं. मग मी शाम्पू बदलला. मग एक दिवस मोरीतला पुंजका हातात घेऊन उभी असताना समोर फळीवर तुझी बाटली दिसली. दिवाळीच्या अभ्यंगाला तू पाठवलेली. ती वापरायला लागल्यापासूनच गळतायत, असं मी मनाशी जुळवलं. तारखा जुळत होत्या ना! तीस वर्षं लोकांचे कागद तपासले, तारखा जुळवून खोटे दावे पकडले. माझा स्वतःचा दावा मी कधी तपासला नाही.

डिसेंबरात आमच्या महिला मंडळाच्या प्रदर्शनात तुला टेबल मीच मिळवून दिलं होतं. मंडळाच्या कमिटीवर मी, आणि माझी जाऊ तेल करते याचा मलाच तोरा. त्या टेबलासमोर मी बाटली हातात धरून उभी राहिले आणि म्हणाले, "हे घेऊ नका कुणी. हिच्या तेलानं माझं डोकं भादरलं." एवढ्या मोठ्यानं की पलीकडे पापड विकणारी बाईसुद्धा वळली. तू म्हणालीस, "वहिनी, आपण घरी बोलू या." एवढंच. मी घरीही बोलले नाही. संध्याकाळी तू बाटल्या खोक्यात भरत होतीस आणि मी कमिटीच्या टेबलाशी बसून कागद चाळत होते. रात्री आपल्या घराण्याच्या ग्रुपवरही टाकलं, सावध करते म्हणून. तुझी बोरिवलीची गिऱ्हाइकं कशी तुटली ते मला नंतर कळलं. तेल कढवायची लोखंडी कढई तू भंगारात दिलीस, हे निहारभाऊजींनी तुझ्या मोठ्या भाऊजींना सांगितलं. मला हे सांगताना ते माझ्याकडे बघत नव्हते.

आणि आता जे लिहायचं टाळत आले ते.

चूक झाली एवढंच असतं, तर मी आधीच्या पत्रात लिहिलं तसं "विसरून जाऊ या" म्हणता आलं असतं. पण मला दोन वर्षं माहीत होतं.

२०२४ च्या फेब्रुवारीत मी घाटकोपरला त्वचेच्या डॉक्टरकडे गेले. तरुण बाई, शांत. मी बाटली पर्समध्ये घेऊनच गेले होते, पुरावा म्हणून. तिनं बाटलीकडे बघितलंच नाही. विचारलं, "गळायला लागण्याआधी दोन-तीन महिने मोठा ताप आला होता का?" मी म्हटलं, डेंग्यू. ती म्हणाली, "मग हे त्या तापाचे. केस लगेच गळत नाहीत, आजारात वाढायचे थांबतात आणि तीन महिन्यांनी एकदम सुटतात. हे परत येतील, सहा-आठ महिने धीर धरा." मग रक्त तपासलं, लोह कमी निघालं, गोळ्या दिल्या. मी तेलाचं विचारलं. ती म्हणाली, "या तेलानं तुमचे केस गेलेले नाहीत. तेलानं नवे येतही नाहीत. मऊ राहतात, विंचरताना तुटत नाहीत, तेवढंच." तू पण गिऱ्हाइकांना अगदी हेच सांगायचीस. उगवण्याबिगवण्याचं तू कधी बोलली नाहीस, आणि मी तुला वेड्यात काढायचे, की अगं, थोडं वाढवून सांग, खपेल.

तापाचे केस खरंच आले. बाळाच्या जावळासारखे, कपाळाच्या कडेनं उभे राहायचे. पण मधली मांग रुंदच होत राहिली. सहा महिन्यांनी पुन्हा गेले तेव्हा डॉक्टरीण म्हणाली, हे वेगळं, हे वयाचं आणि घराण्याचं, बायकांत पुष्कळ असतं, फक्त बोलत नाही कुणी. रोज लावायचं औषध दिलं, आहे ते टिकावं म्हणून. आणि विचारलं, "आईचे केस कसे होते?"

मला सांगता येईना. स्वरदा, मी माझ्या आईचं डोकं कधी पाहिलंच नव्हतं. तिचा पदर डोक्यावरून खाली आला नाही, घरातसुद्धा. आम्ही भावंडं सगळ्यांना सांगायचो, आमची आई फार मर्यादशील. त्या दवाखान्यात खुर्चीवर बसल्या बसल्या मला कळलं की आई चाळीस वर्षं काय झाकत होती. आणि एकटीच झाकत होती. मी तिची लाडकी, पण ती मला बोलली नाही. तेव्हा मला तिच्यासाठी रडू आलं, आणि तरी बाहेर पडल्यावर मी काय केलं? दुकानात जाऊन टॉपर घेतला.

तुला लगेच फोन का केला नाही, हे मी स्वतःला खूप वेळा विचारलं. उत्तर काही मोठं नाही. तेलानं केस गेले म्हटलं की बायका हळहळायच्या, तुला नावं ठेवायच्या, मला चहा द्यायच्या. आपोआप गेले म्हटलं असतं, तर नुसत्या माझ्या डोक्याकडे बघत राहिल्या असत्या. जिच्या केसांचं लग्नात कौतुक झालं, सासरी आल्यावर ज्यांच्यावरून सासूबाईंनी मीठमोहरी उतरली, ती मी. ते केस कुणी नेले नाहीत, नुसते गेले, हे मला सहन होईना. म्हणून दोन वर्षं तुला चोर ठरवून ठेवलं. नंतर नंतर तर तुझा राग यायला लागला, तू भांडत का नाहीस म्हणून.

आणि तू काय केलंस? तर पन्नास बायकांत माझी अब्रू वाचवलीस. तुला एक शब्द बोलायची गरज नव्हती. नुसती बसून राहिली असतीस, तरी सगळं आपोआप उघडं पडलं असतं आणि कुणी तुला दोष दिला नसता. माझ्यावर वेळ आली असती, तर मी उठले नसते. हे मी मनापासून लिहिते आहे, नम्रपणा म्हणून नाही. ते दोन वेढे देताना तुझी बोटं माझ्या मनगटाला लागली, तेव्हा मला नर्सिंग होमच्या त्या दोन दुपारी आठवल्या. तुझे उपकार मी दोनदा घेतले आणि मध्ये तुझं वाटोळं केलं.

परवा, शुक्रवारी, गंधालीला म्हटलं, माझा फोटो काढ, वरून, टॉपर काढून. तिनं खिडकीपाशी स्टूल ठेवलं आणि छान उजेडात काढला. तुझे मोठे भाऊजी म्हणाले, "लिहून टाक हवं तर. फोटो हवाच का?" मी म्हटलं, हवा. तेव्हा बाटली हातात धरून बोलले होते, आता नुसतं बोलून कोण ऐकणार? ते हात पुढे करून म्हणाले, "दे, टायपिंगच्या चुका तपासतो." आपल्या घराण्याच्या ग्रुपमधून तू मागेच बाहेर पडलीस आणि मंडळाच्या ग्रुपवर कधी नव्हतीसच, म्हणून दोन्हीकडे टाकलेला मजकूर खाली उतरवते.

"सगळ्यांना नमस्कार. डिसेंबर २०२३ मध्ये मुलुंडच्या प्रदर्शनात आणि घराण्याच्या ग्रुपवर मी म्हटलं होतं की स्वरदाच्या तेलाने माझे केस गेले. ते खोटं आहे. केस डेंग्यूच्या तापाने गळले, आणि पुढचे वयाने विरळ झाले. माझ्या आईचेही असेच असावेत. तेलाचा दोष नाही, हे डॉक्टरांनी मला फेब्रुवारी २०२४ मध्येच सांगितलं होतं. तरी मी गप्प बसले आणि स्वरदाची बदनामी होऊ दिली. सोबत माझ्या डोक्याचा फोटो आहे. मी टॉपर वापरते, पुढेही वापरीन. त्यात लाज नाही, लाज दुसऱ्या गोष्टीची आहे. जयंती."

पाठवल्यावर फोन पालथा घालून मी भांडी घासायला घेतली. पाऊण तासानं घाटकोपरच्या काकूंचा आवाजातला निरोप आला: "जयंते, फोटो कशाला गं टाकायचा? माझी मांग याच्यापेक्षा रुंद आहे. मी तिथं काजळ चोपडते. बरी दिसते की नाही?" मी भांड्यांपाशी उभी राहून हसले आणि मग रडले. रात्रीपर्यंत मंडळातल्या तिघींचे फोन आले. ग्रुपवर नाही, खासगीत. एकीच्या सव्वीस वर्षांच्या मुलीला चाई पडली आहे, रुपयाएवढे तीन गोल, आणि ती पोर स्कार्फ बांधून ऑफिसला जाते. डॉक्टरीणबाईचा पत्ता दिला. दुसरी माझ्यावर चिडली, म्हणाली, तुमच्यामुळे मी स्वरदाला प्रदर्शनात घेतलेली बाटली परत केली होती. तिला मी काही म्हणाले नाही, ती बरोबर होती.

तेल पुन्हा कर, असं मी सांगणार नाही. माझं मन हलकं व्हावं म्हणून तू कढई चढवायची, हे काही खरं नाही. तुला वाटलं तर कर, नाही वाटलं तर नको. ग्रुपवर माझ्याबद्दल चांगलं बोलायलाही येऊ नकोस. दोन्हीकडून चुकलं असेल, असं मी मागच्या पत्रात लिहिलं, ते वाक्य खोडून टाक. एकाच बाजूनं चुकलं.

आधी तुला पत्र पाठवून मग ग्रुपवर टाकावं, असं तुझे मोठे भाऊजी म्हणत होते. मीच नको म्हटलं. आधी तुला कळलं असतं, तर तू म्हणाली असतीस, "राहू द्या वहिनी." आणि मी राहू दिलं असतं.

तुझी कृतज्ञ,
जयंती